पाणी ओसरल्यावर कराचं काय? ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्या रहिवाशांसाठी आणि दुकानदारांसाठी

पुराच्या पाण्यात घरातला फ्रिज, सोफा, लाकडी कपाट गेलं तर त्याची किंमत आयकरातून वजा होत नाही. नोकरदाराला नाही, निवृत्ताला नाही आणि दुकानदाराच्या घरातल्या वस्तूंनाही नाही. दर पावसाळ्यात कुठल्या तरी सोसायटीच्या ग्रुपवर ‘पूरग्रस्तांना आयकरात सूट, हा फॉर्म भरा’ असा संदेश फिरतो, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. असा फॉर्म नाही.

मग आहे काय? सरकारी मदतीवर कर लागत नाही. धंद्यातलं नुकसान उत्पन्नातून वजा होतं आणि उरलेला तोटा पुढच्या वर्षांत नेता येतो. विम्याच्या पैशाला स्वतंत्र नियम आहेत. रिटर्नच्या तारखा कधी सरकार सरसकट वाढवतं, कधी अर्ज करून उशीर माफ करून घेता येतो. मात्र जीएसटीत पुराने सूट मिळण्याऐवजी उलट पैसे भरावे लागतात, आणि नवे दुकानदार नेमके तिथेच अडकतात. हे सगळं पहिल्या चार-आठ दिवसांत तयार केलेल्या कागदांवर उभं असतं. मार्चअखेरीस सीएकडे जाऊन ‘जुलैत पाणी भरलं होतं’ एवढंच सांगितलं, तर तो बिचारा काहीही करू शकत नाही.

आधी आपण कोणाच्या हद्दीत आहोत ते बघा

इथे नव्याने आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा ही नवी मुंबई महापालिकेची आठ विभाग कार्यालयं. हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यातल्या ठाणे तालुक्यात येतो. पण खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल इथले लोक पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहीत असले, तरी त्यांची पालिका पनवेलची आणि जिल्हा रायगड. त्यांचा पंचनामा पनवेल तहसीलचा, जिल्हाधिकारी अलिबागला. खारघरच्या माणसाने ठाण्याच्या तहसीलदार कार्यालयात रांग लावली तर दिवस फुकट जातो, आणि त्या आठवड्यात एकेक दिवस मोलाचा असतो.

ठाणे महापालिकेत प्रभाग समित्या आहेत. नौपाडा-कोपरी, कळवा, मुंब्रा, दिवा, वागळे वगैरे. दिव्यात राहणाऱ्या अनेकांना वाटतं की आपण डोंबिवलीच्या बाजूला, म्हणजे कल्याण-डोंबिवली पालिकेत. तसं नाही, दिवा ठाणे पालिकेत आहे. घरपट्टीच्या बिलावर प्रभागाचं नाव छापलेलं असतं. भाड्याने राहत असाल तर मालकाकडून त्या बिलाचा फोटो आजच मागून ठेवा.

पहिली पायरी: पाणी असतानाच पुरावा

साफसफाईची घाई सगळ्यांनाच असते. गाळ सुकला की निघत नाही आणि वासाने जीव नकोसा होतो, हे कळतं. तरीही झाडू हातात घेण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. भिंतीवर पाणी कुठपर्यंत चढलं ती रेष, मीटरबॉक्स, दुकानाची पाटी आणि आत भिजलेला माल एकाच चौकटीत येईल असे. मालाच्या खोक्यांवरचे बॅच नंबर किंवा मॉडेल नंबर दिसायला हवेत. व्हिडिओत तारीख आणि वेळ तोंडाने बोला. पाणी किती वाजता शिरलं आणि किती वाजता उतरलं हे एका कागदावर लिहा. मदतीच्या निकषांत घर किती काळ पाण्याखाली होतं याला महत्त्व असतं, आणि आठवड्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांचं एकमत होत नाही.

खाडीकाठच्या वस्त्यांसाठी आणखी एक. विटावा, कळवा, चिखलवाडी, दिवा या भागांत पाऊस फार नसतानाही मोठ्या भरतीने पाणी मागे फिरतं. राज्य सरकार एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतं. त्यामुळे त्या दिवसाचा पाऊस आणि भरतीची वेळ दोन्ही नोंदवून ठेवा. ठाणे पालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे आकडे स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या दिवसाचं पान कापून फाइलला लावलं तरी पुष्कळ झालं.

दुसरी पायरी: पंचनामा

सरकारी मदत आणि तिच्यावरची करमाफी ही दोन्ही पंचनाम्यापासून सुरू होतात. पंचनामा तहसीलदाराच्या हाताखालचा तलाठी करतो (सरकारी कागदावर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’), शहरात बरोबर पालिकेचे कर्मचारीही असतात. मोठा पूर असेल तर ते गल्लोगल्ली फिरतात. फक्त तुमच्या सोसायटीत किंवा तुमच्या गाळ्यांच्या रांगेत पाणी शिरलं असेल तर आपणहून कोणी येईलच असं नाही. प्रभाग कार्यालयात आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी सांगणं आणि फोनवर नाव लिहून घेणं याला पुढे कोणी विचारत नाही.

पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. ‘घरगुती सामानाचे नुकसान’ एवढंच लिहिलं असेल आणि खाली दुकान असेल, तर दुकानातला माल वेगळा लिहायला सांगा. खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या चाळींत ही गडबड फार होते. मालाची रक्कम अंदाजे लिहिली जात असेल तर ‘अंदाजे, सविस्तर यादी सोबत जोडली आहे’ असं लिहून घ्या. पंचनाम्यात एक आकडा आणि विमा कंपनीच्या कागदात दुसरा असला, तर नंतर तीन ठिकाणी खुलासे देत बसावं लागतं.

रकमेबद्दल फार आशा ठेवू नका. केंद्राच्या आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांडी-घरसामानासाठी २,५०० रुपये होते. अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार. राज्य सरकार कधी कधी आपली भर घालतं. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्याने दुकानदारांना पंचनाम्यातल्या नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार, आणि टपरीवाल्यांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. त्यासाठी स्थानिक रहिवासी असणं, मतदारयादीत नाव, रेशनकार्ड अशा अटी होत्या. इथे नव्याने आलेल्याचं मतदारयादीतलं नाव अजून गावाकडेच असतं. धंदा इथे टाकला असेल तर ते नाव, गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि उद्यम (लघुउद्योगाच्या) नोंदणीचा पत्ता पावसाळ्याआधी सरळ करून घ्या.

सरकारी मदतीवर कर

केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा महापालिकेकडून आपत्तीबद्दल व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला मिळालेली भरपाई आयकरातून मुक्त आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १०(१०बीसी) होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले, म्हणून सीएशी बोलताना आकड्यापेक्षा ‘आपत्तीची भरपाई’ असंच म्हणा. ‘आपत्ती’ची व्याख्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातली घेतली जाते. तो कायदाही २००५ चाच, आपल्याकडच्या २६ जुलैनंतर काही महिन्यांनी संमत झालेला.

या माफीला दोन कुंपणं आहेत. ती व्यक्तीसाठी आहे. प्रोप्रायटर म्हणजे व्यक्तीच, त्याला चालते. भागीदारी फर्म किंवा कंपनीला चालत नाही. दुसरं म्हणजे ज्या नुकसानीची वजावट तुम्ही धंद्याच्या हिशेबात आधीच घेतली आहे, तेवढ्या रकमेपुरती मदत करमुक्त राहत नाही. एकाच नुकसानीचा दोनदा फायदा घेता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मित्र, सोसायटी आणि ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी यूपीआयवर जमवून दिलेले पैसे या माफीत बसत नाहीत. जवळच्या नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त असते, रक्कम कितीही असो. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त आले तर वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्याच रकमेवर कर लागतो. वर्गणी जमवणाऱ्याने ती एकाच्या खात्यावर गोळा करून पुढे वाटायची ठरवली, तर त्या मधल्या माणसाने नावानिशी यादी आणि वाटपाचा हिशेब जपून ठेवावा. नाहीतर मदत करणाऱ्याच्या खात्यावर अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा खुलासा त्यालाच द्यावा लागतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत मदत आली तर ही भानगड येत नाही.

तिसरी पायरी: विमा आणि सर्व्हेअर

भिजलेला माल सर्व्हेअर, म्हणजे विमा कंपनीने नुकसान मोजायला पाठवलेला माणूस, बघेपर्यंत फेकू नका. कंपनीला ताबडतोब मेलने कळवा आणि क्लेम नंबर मिळवा. आरोग्याच्या कारणासाठी माल काढणं भागच असेल, जसं सडलेला भाजीपाला किंवा मांसमच्छी, तर मेलवर परवानगी मागा आणि पालिकेच्या घंटागाडीत टाकताना व्हिडिओ काढा.

विम्याच्या पैशावर कर लागतो का, याचं उत्तर कुठल्या वस्तूसाठी पैसे आले यावर ठरतं. घरचा टीव्ही, फर्निचर, स्वतःच्या वापराची गाडी या वैयक्तिक वापराच्या वस्तू, त्यांच्या भरपाईवर भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने मात्र या सवलतीत नाहीत. दुकानातल्या मालाची भरपाई हे धंद्याचं उत्पन्न, समोर मालाचं नुकसान दाखवायचं. यंत्रं, संगणक, दुकानाची गाडी अशा घसारा (वापराने दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट) घेतलेल्या वस्तूंची भरपाई त्याच प्रकारच्या वस्तूंच्या गटाच्या, हिशेबातल्या शिल्लक किमतीतून वजा होते. भरपाई त्या गटाच्या शिल्लक किमतीपेक्षा जास्त आली तर वरची रक्कम अल्पकालीन भांडवली नफा धरली जाते. जुन्या, पूर्ण घसरलेल्या यंत्राला बऱ्यापैकी विमा मिळाला की हे घडतं. रबाळे-महापे पट्ट्यातल्या छोट्या कारखानदारांनी हे आधीच डोक्यात ठेवावं. घराच्या बांधकामासारख्या भांडवली मालमत्तेची पुरातली भरपाई, आणि तिच्यावर नफा होत असलाच तर तो, पैसे हातात आले त्या वर्षात मोजतात. पाणी भरलं ते वर्ष धरत नाहीत.

चौथी पायरी: जीएसटी, आणि इथे थोडं थांबा

नव्या दुकानदारांना सगळ्यात जास्त दंड जिथे बसतो ती ही जागा. माल घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे आयटीसी, आपण विक्रीच्या जीएसटीसमोर वापरतो. कायदा म्हणतो की माल हरवला, चोरीला गेला, नष्ट झाला किंवा हिशेबातून काढून टाकला, तर त्या मालाचं क्रेडिट मिळणार नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये हे स्पष्ट आहे, आणि पुरासाठी अपवाद नाही. म्हणजे माल गेला तो गेलाच, वर त्याचं घेतलेलं क्रेडिट परत भरायचं.

समजा, कळव्यात तुमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. भिजलेला माल खरेदी किमतीने ३ लाखांचा, त्यावर १८ टक्के जीएसटी. यातला २ लाख ४० हजारांचा माल पूर्ण बाद झाला. त्याचं क्रेडिट ४३,२०० रुपये, ते रिव्हर्स करायचं, म्हणजे परत भरायचं. उरलेला ६० हजारांचा माल खोके भिजले तरी चालू स्थितीत आहे, तो तुम्ही ‘डॅमेज’ म्हणून २५ हजारांना विकला. या मालाचं क्रेडिट परत करावं लागत नाही, कारण तो नष्ट झाला नाही, विकला गेला. २५ हजारांवर १८ टक्क्यांनी ४,५०० रुपये जीएसटी लावा आणि बिल फाडा. विकता येण्यासारखा माल घाईने भंगारात टाकणाऱ्यांचं हे दुहेरी नुकसान होतं, म्हणून माल दोन ढिगांत वेगळा करणं हे पहिल्या दिवसाचं काम.

रिव्हर्सल जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायच्या जीएसटी रिटर्नमध्ये, ४(बी)(१) या रकान्यात दाखवतात, शक्यतो त्याच महिन्याच्या रिटर्नमध्ये. नोटीस येईपर्यंत थांबलात तर व्याजाचा प्रश्न उभा राहतो. मालाच्या नोंदवहीत ‘नष्ट झालेला माल’ ही नोंदही कायद्यानेच ठेवायची असते.

आता विम्याकडे परत वळा. क्लेम करताना बरेच जण २ लाख ४० हजारच लिहितात, आणि कंपनीचा माणूसही ‘जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळालंय की’ म्हणून तो भाग कापतो. रिव्हर्सल केलेलं ३बी त्याच्यासमोर ठेवा. परत भरलेले ४३,२०० हे तुमचं खरंखुरं नुकसान आहे, पॉलिसीची रक्कम जीएसटी धरून ठरवली असेल तर ते मागता येतं. पॉलिसी नव्याने घेत असाल तर हाच प्रश्न एजंटला आधी विचारा.

कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) असाल तर तुम्ही क्रेडिट घेतच नाही, त्यामुळे परत भरायचं काही नाही. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतल्या कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्याचंही तसंच. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, म्हणून सडलेल्या कांद्यावर रिव्हर्सलही नाही. शेजारच्या मसाला किंवा सुकामेवा मार्केटमधल्या गाळ्यात मात्र हेच गणित बदलतं.

रिटर्नची तारीख पाण्याने थांबत नाही. मासिक ३बी २० तारखेला, तिमाही भरणाऱ्यांना महाराष्ट्रात २२ तारखेला. उशीर झाला तर रोज ५० रुपये, काहीच व्यवहार नसेल तर रोज २० रुपये विलंब शुल्क, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. संगणक भिजला असेल आणि व्यवहार शून्य असेल तर नोंदणीकृत मोबाइलवरून एसएमएसनेही शून्य रिटर्न जातं. कर भरायला पैसे नसले तरी निदान जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचा तपशील देणारं रिटर्न, भरा. त्याला कर आधी भरायची अट नाही आणि तुमच्या गिऱ्हाईक दुकानदारांचं क्रेडिट अडकत नाही. पुरानंतर गिऱ्हाईक टिकवायचं तर हे छोटं काम फार उपयोगी पडतं.

पाचवी पायरी: धंद्याचं नुकसान आयकरात

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. बाद माल २ लाख ४० हजार, परत भरलेलं क्रेडिट ४३,२००, स्वस्तात विकलेल्या मालातला तोटा ३५ हजार. एकूण ३,१८,२००. विम्याचे २ लाख आले. निव्वळ नुकसान १,१८,२००, हे त्या वर्षीच्या उत्पन्नातून जातं. सरकारची ५० हजारांची मदत मिळाली असेल तर ती आणि १,१८,२०० ची पूर्ण वजावट, दोन्ही एकत्र घेता येणार नाहीत.

हिशेबात एक खाचखळगा आहे. वर्षअखेरीस शिल्लक माल मोजताना भिजलेला माल त्यात नसतोच, त्यामुळे नुकसान आपोआप नफ्यातून कमी झालेलं असतं. वर पुन्हा ‘पुराचं नुकसान’ म्हणून खर्च टाकला तर तो दोनदा मोजला जातो. पण वेगळी ओळ दाखवलीच नाही तर ढोबळ नफ्याचं प्रमाण एकदम घसरलेलं दिसतं, आणि विक्री लपवली असा संशय येतो. म्हणून बाद माल खरेदी खात्यातून वेगळा काढून ‘पुरात नष्ट झालेला माल’ या नावाने नफा-तोटा पत्रकात दाखवायला सांगा. यादी आणि पंचनामा त्या ओळीचा आधार.

दुकानाची दुरुस्ती, रंग, वायरिंग, मोटार गुंडाळून घेणं, गाळ काढायची मजुरी हे सगळे चालू खर्च, त्याच वर्षी वजा. नवीन यंत्र घेतलं तर तो भांडवली खर्च, त्यावर फक्त घसारा मिळतो, आणि त्या वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच. दुरुस्तीच्या बिलावर ‘नवीन बसवले’ असं कारागीर सहज लिहून टाकतो. काम दुरुस्तीचं असेल तर बिलही दुरुस्तीचंच असू द्या.

अंदाजे उत्पन्नाच्या योजनेत असलेल्या, म्हणजे उलाढालीच्या ८ टक्के किंवा डिजिटल जमेवर ६ टक्के नफा दाखवणाऱ्या लहान दुकानदारांना नुकसान वेगळं वजा मिळत नाही. त्या टक्क्यांतच सगळं आलं असं धरतात. पाणी भरलेल्या वर्षी कमी नफा किंवा तोटा दाखवायचा असेल तर योजनेतून बाहेर पडावं लागतं. मग उत्पन्न करपात्र मर्यादेवर असेल तर वह्या ठेवणं आणि ऑडिट आलं, शिवाय पुढची पाच वर्षं त्या योजनेत परतता येत नाही. नुकसान लाख-दोन लाखांचं असेल आणि पुढची वर्षं बरी जाणार असतील, तर माझं मत आहे की योजनेतच राहावं. ऑडिटची फी आणि पाच वर्षांचा व्याप वाचलेल्या करापेक्षा महाग पडतो. मोठं नुकसान असेल तर मात्र कागदावर दोन्ही बाजूंनी मोजून बघा.

तोटा उरला तर तो पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यासमोर नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. एक दिवस उशीर झाला तरी, विलंब माफी मिळाली नाही तर, हा हक्क जातो. नोकरी करून बाजूला धंदा असेल तर धंद्यातला तोटा पगारातून वजा होत नाही, हेही नव्यांना माहीत नसतं. आणि त्या वर्षी नफा कमी होणार हे दिसत असेल तर आगाऊ कराचे हप्ते जुन्या अंदाजाने भरत बसू नका. सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेच्या हप्त्यांना अंदाज खाली आणता येतो. हातात रोकड नसताना ही सगळ्यात सोपी सवलत, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही.

मुदतवाढ कधी मिळते

केरळात २०१८ ला महापूर आला तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तिथल्या करदात्यांची रिटर्नची मुदत ३१ ऑगस्टवरून १५ सप्टेंबरवर नेली होती. जीएसटी कायद्यातही पूर, चक्रीवादळ, भूकंप, आग अशा प्रसंगी मुदती वाढवण्याचा अधिकार सरकारला आहे. असा आदेश निघाला तर त्याला परिपत्रक किंवा अधिसूचना क्रमांक असतो आणि कोणता जिल्हा किंवा राज्य हे त्यात लिहिलेलं असतं. क्रमांक नसलेल्या संदेशावर विसंबून रिटर्न पुढे ढकलू नका. (त्याच केरळात नंतर दोन वर्षं एक टक्का पूर उपकर लागला होता. आपत्तीनंतर कर नेहमी कमीच होतो असं नाही.)

सरसकट मुदतवाढ नसेल आणि तुमचं रिटर्न पुरामुळेच राहिलं असेल, तर परतावा मिळवण्यासाठी किंवा तोटा पुढे नेण्यासाठी आयकर विभागाकडे विलंब माफीचा अर्ज करता येतो. खरी अडचण होती हे दाखवावं लागतं. इथे आवक शिक्क्याचा अर्ज आणि पंचनामा पुन्हा कामाला येतो.

घरपट्टी, भाडं आणि गाडी

पाणी भरलं म्हणून घरपट्टी आपोआप माफ होत नाही. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, म्हणून बिल वादात असलं तरी भरून ठेवणं आणि अर्ज स्वतंत्र चालवणं शहाणपणाचं. इमारत पडली, पाडली किंवा पालिकेने सी-१, म्हणजे अतिधोकादायक ठरवून रिकामी केली, तर प्रभागाच्या कर विभागाला लेखी कळवा आणि रिकामं केल्याच्या तारखेचं पत्र मिळवा. कर आकारणीत बदल त्या पत्रावरून होतो. दोन्ही पालिका अधूनमधून ‘अभय योजना’ काढतात. ती थकबाकीच्या शास्तीवरची सूट आहे, पुराशी तिचा संबंध नाही.

दुसऱ्याला भाड्याने दिलेलं घर दुरुस्तीसाठी काही महिने रिकामं राहिलं, तर हातात आलेल्या भाड्यावरच कर मोजला जातो. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर जुन्या करप्रणालीत त्याच्या व्याजाची वजावट वर्षाला ३० हजारांपर्यंत. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. तात्पुरतं दुसरीकडे भाड्याने राहावं लागलं आणि पगारात घरभाडे भत्ता असेल, तर जुन्या प्रणालीत त्या भाड्याची पावती कामाची.

सोसायटीने मोठी दुरुस्ती वर्गणी लावली की एक गोष्ट खजिनदाराने बघावी. सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांवर असेल आणि एखाद्या महिन्याची सदस्यामागची वर्गणी ७,५०० च्या पुढे गेली, तर सरकारच्या २०१९ च्या स्पष्टीकरणानुसार पूर्ण रकमेवर जीएसटी लागतो. वर्गणी हप्त्यांत विभागली तर हा प्रश्न बहुधा टळतो.

गाडी ‘टोटल लॉस’ झाली असेल तर ती भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. मोटार वाहन कायद्यानुसार ती कायमची निकामी झाल्याचं १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. ठाण्याला एमएच-०४, नवी मुंबईला एमएच-४३, पनवेलला एमएच-४६. नोंदणी रद्द करून घेताना एकरकमी भरलेल्या वाहन कराच्या परताव्याचा अर्जही त्याच खिडकीवर विचारा. आणि नोंदणी रद्द न करता गाडी दिली तर ती पुढे कुणाच्या हातात कशासाठी फिरते याची जबाबदारी कागदावर तुमचीच राहते.

कागदच भिजले तर

खरेदीची बिलं गेली तरी जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी मध्ये पुरवठादाराने दाखवलेली प्रत्येक बिलाची नोंद सापडते. ती उतरवून घ्या आणि पुरवठादारांकडून दुसरी प्रत मागवा. आयकर पोर्टलवर फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा तपशील) आणि वार्षिक माहिती पत्रक असतं. बँकेचे उतारे शाखेतून मिळतात. घराच्या कराराची इंडेक्स-२ (दस्तनोंदणीचा उतारा) दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. मूळ वह्या खराब झाल्या असतील तर पोलीस ठाण्यात तशी नोंद करून तिची प्रत घ्या. जीएसटीच्या वह्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात, आणि चौकशी आलीच तर ती बहुतेक वेळा पाणी भरल्यानंतर दोन-तीन वर्षांनी येते. भिंतीवरच्या रेषेचा फोटो, पंचनामा, सर्व्हेअरचा अहवाल, रिव्हर्सलचं ३बी आणि बाद मालाची यादी या पाच गोष्टी स्कॅन करून ईमेलवर स्वतःला पाठवून ठेवा, आणि मूळ प्रती पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या कुणाकडे तरी.